इंटेल घ्यावा की एएमडी? आधी सोसायटीचं खातं पाहू

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दारव्हा तालुक्यातल्या तुमच्या गावात तुम्ही झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं केंद्र चालवता. सातबारा, पीक विमा, दाखले, पासपोर्ट फोटो, आणि लग्नसराईत पत्रिकांचं डिझाइन. घरी आठ एकर कोरडवाहू वावर. जुना कॉम्प्युटर आता साथ देत नाही. नवीन घ्यायचा, तर त्यातला प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, इंटेल कंपनीचा घ्यावा की एएमडीचा, हा तुमचा प्रश्न. यवतमाळच्या दुकानदारानं इंटेल कोअर आय५ १२४००एफचा सेट ४७,३०० रुपयांत सांगितला, तर नागपूरला एएमडी रायझेन ५ ५६००जीचा सेट ४१,९०० रुपयांत मिळतोय. भाऊजी म्हणतात एएमडी तापतो, इंटेलच घ्या. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा भाचा म्हणतो इंटेलचे प्रोसेसर खराब निघाले, एएमडीच घ्या. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की केंद्राच्या बचतीतले २५,००० आहेत, कापूस विकल्यावर मिळणाऱ्या चुकाऱ्यातले २२,००० इकडं वळवू, सेवा सोसायटीचं पीक कर्ज थोडं मागं राहिलं तर राहिलं.

मला सगळ्यात जास्त काळजी त्या शेवटच्या ओळीची वाटली, म्हणून तिथूनच सुरू करतो.

तुमच्या घरावर १,१०,००० रुपयांचं पीक कर्ज आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याज शून्य टक्के पडतं. अट एकच, मुदतीत आणि पूर्ण. २२,००० बाकी राहिले तरी खातं थकीतच लिहिलं जाणार. वर्षाला ७ टक्क्यांनी धरलं तरी १,१०,००० वर ७,७०० रुपये व्याज होतं. तुम्ही ज्या दोन प्रोसेसरांमध्ये अडकलात, त्या सेटच्या किमतीतला फरक ५,४०० आहे! त्याहून वाईट म्हणजे थकीत खात्यावर नवीन कर्ज मिळणं अवघड. मृगाच्या तोंडावर बियाणं आणि खत उधारीवर घ्यायची वेळ आली की कृषी केंद्रवाला किंवा सावकार काय दरानं देतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा चुकारा आला की तो सोसायटीतच जाऊ द्या. कॉम्प्युटर त्याशिवाय कसा बसतो ते पुढं सांगतो.

आता प्रोसेसरकडं वळू. भाऊजींचं म्हणणं एकेकाळी खरं होतं. एएमडीचे जुने एफएक्स प्रोसेसर वीज खूप खायचे, एफएक्स ८३५० हा १२५ वॉटचा होता आणि तापायचाही. पण २०१७ मध्ये रायझेन आला तेव्हा कंपनीनं आराखडाच नवीन केला. तुमच्या कोटेशनमधला ५६००जी ६५ वॉटचा आहे. इंटेल १२४००एफ सुद्धा मूळ ६५ वॉटचाच, जोर लागला की ११७ वॉटपर्यंत जातो. म्हणजे तापण्याच्या मुद्द्यावर एएमडी नाकारण्यात आज अर्थ नाही.

भाच्याचंही अर्धं खरं आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये, ६५ वॉट आणि त्यावरच्या, व्होल्टेजचा दोष निघाला होता. कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचे. २०२४ मध्ये कंपनीनं सुधारणा दिली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण तुम्हाला सांगितलेला १२४००एफ १२व्या पिढीचा आहे, त्याचा या दोषाशी संबंध नाही. भाऊजी दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगताहेत आणि भाचा दुसऱ्याच प्रोसेसरची.

तुम्ही आणखी एक विचारलंय, अंगठ्याचं मशीन आणि सरकारी पोर्टल एएमडीवर चालतील का? चालतील. एएमडीनं १९८० च्या दशकात इंटेलच्याच आराखड्याचे प्रोसेसर परवान्यानं बनवले, आणि आज आपण वापरतो ती ६४ बिटची पद्धत एएमडीनं २००३ मध्ये आणली, ती पुढं इंटेलनं घेतली. विंडोजवर जे एकावर चालतं ते दुसऱ्यावर चालतं. पोर्टल गोल गोल फिरत राहतं ते सर्व्हरमुळं आणि नेटमुळं. पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी ५० हजारांचा कॉम्प्युटर असो की लाखाचा, दोन्ही तसेच थांबतात. त्या अपेक्षेनं जास्त पैसे घालू नका.

माझा खरा आक्षेप यवतमाळच्या कोटेशनमधल्या ‘एफ’ या एका अक्षरावर आहे. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, म्हणजे वेगळं कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर चित्रच येणार नाही. म्हणून दुकानदारानं ३,६०० रुपयांचं जीटी ७१० कार्ड जोडलंय. त्या कार्डाचा आराखडा दहा वर्षांहून जुना आहे. बिनाएफचा १२४०० घेतला तर तो हजार-दोन हजारांनी महाग पडेल, पण कार्ड लागणारच नाही आणि एकूण किंमत खाली येईल. शिवाय इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये व्हिडिओ उलगडायची एक खास सोय असते, क्विक सिंक म्हणतात तिला, आणि एडिटिंगला ती फार कामाची. एफवाल्यात ती पण जाते. ग्राफिक्स कार्ड आहे म्हणून सेट भारी, असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल. इथं ते कार्ड म्हणजे नुसती उणीव भरून काढणं आहे. एएमडीच्या ५६००जीमध्ये जी म्हणजे ग्राफिक्स आतच आहे.

मग कोणता घ्यायचा? तुमचं आजचं काम पाहता माझं मत एएमडी ५६००जीला. सहा कोर, बारा थ्रेड, म्हणजे एका वेळी बरीच कामं पेलतो. पत्रिकेसाठी कोरलड्रॉ आणि फोटोसाठी फोटोशॉप एकदम उघडं ठेवलं तरी तुम्हाला अडणार नाही. पण भाचा म्हणतो तसं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं काम खरंच सुरू झालं, तर मी बिनाएफचा इंटेल १२४०० सुचवीन. नवीन कॅमेऱ्यांच्या काही व्हिडिओ फाइल तो सहज उलगडतो, तिथं ५६००जीला झगडावं लागतं. प्रश्न असा की ते काम आज आहे का? पत्रात एकाही ऑर्डरचा उल्लेख नाही. भाच्याला म्हणा, या लग्नसराईत दारव्ह्यातल्या एखाद्या फोटो स्टुडिओत बसून दोन लग्नांचं काम कर, पैसे किती सुटतात ते वहीत लिही. न झालेल्या धंद्यासाठी आज तीन-चार हजार जास्तीचे घालायला माझं मन धजत नाही.

पुढं अपग्रेड करता येईल म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर तेही मनावर घेऊ नका. ५६००जी ज्या एएम४ सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसरच्या खाचेत, बसतो त्याच्या पुढचा एएम५ २०२२ मध्येच आला, आणि १२४०० च्या सॉकेटची जागा इंटेलनं २०२४ मध्ये नव्या सॉकेटला दिली. दोन्ही मागच्या पिढीचे आहेत, म्हणूनच स्वस्त आहेत, आणि तुमच्या कामाला पुरेसे आहेत. कॉम्प्युटर म्हशीसारखा नाही, की दूध देऊन पुन्हा किमतीत विकला जाईल. आयकर खातंसुद्धा त्याची किंमत दरवर्षी ४० टक्क्यांनी घटलेली धरतं.

तुमच्या गावातल्या कोणीतरी ९,००० रुपयांत जुना आय५ सेट देऊ केलाय, त्याकडं वळू नका. तो चौथ्या पिढीचा आहे, २०१३ च्या आसपासचा. विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. तुमच्याकडं गावाची आधार कार्डं, बँक पासबुकं येतात. सुरक्षेच्या सुधारणा न मिळणाऱ्या मशीनवर लोकांची कागदं ठेवणं मला पटत नाही. नुसत्या आय५ नावाला काही अर्थ नाही, पिढी विचारायची.

पैशाचं गणित असं मांडतो. तुमचा मॉनिटर, कीबोर्ड, माउस चालू स्थितीत आहेत, ते ठेवा. नागपूरच्या कोटेशनमध्ये त्या तिन्हींचे ६,९०० आहेत, म्हणजे सेट ३५,००० वर येतो. फक्त मदरबोर्डला (सगळे भाग जोडतात तो मुख्य बोर्ड) तुमच्या जुन्या मॉनिटरची पिन बसते का, हे आधी विचारा. जुन्या मॉनिटरांना बहुधा व्हीजीए नावाची जुनी पिनच असते. यूपीएस मात्र कोटेशनमधून काढू नका, लाइट ज्या तऱ्हेनं जाते-येते त्यात तो लागणारच.

बचतीच्या २५,००० पैकी २०,००० काढा. ५,००० ला हात लावू नका, घरात कोणी आजारी पडलं तर त्या दिवशी तेच धावून येतील. उरलेले १५,००० तुमच्या बचत गटातून घ्या. गटाचं अंतर्गत कर्ज महिना १ टक्क्यानं मिळतं असं तुम्हीच लिहिलंय. महिन्याला १,५०० मुद्दल आणि शिल्लक रकमेवर व्याज, अशा दहा हप्त्यांत एकूण व्याज ८२५ रुपये होतं. पहिला हप्ता १,६५०, शेवटचा १,५१५. केंद्रातून तुम्हाला महिन्याला ९,००० च्या आसपास सुटतात, त्यातून हा निघतो. आणि ते व्याज तुमच्याच गटात राहतं.

यवतमाळच्या दुकानातली किस्तीची योजना पाहा. १२ हप्ते ४,२५० चे, म्हणजे ५१,०००, वर फाइल चार्ज ९९९. रोख ४७,३०० ची वस्तू ५१,९९९ ला पडते. शून्य व्याज असं कागदावर छापलंय, पण ४,६९९ रुपये जास्त जाताहेत, त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. वर शेतकऱ्याच्या घरी पैसा कापूस-सोयाबीन निघाल्यावर येतो आणि किस्त दर महिन्याच्या पाच तारखेला. हे जुळत नाही.

शेवटी खरेदीचं. नागपूरला एक दिवस घालवण्याआधी यवतमाळच्याच दुकानदाराला ५६००जीचा सेट मागा. बिघाड झाला तर जवळचा माणूस बरा, आणि हजारभर रुपये जास्त लागले तरी मी तिथंच घेईन. प्रोसेसर बॉक्समधला हवा, त्यावर ३ वर्षांची वॉरंटी असते. सुटा दिला तर नको. पक्कं जीएसटी बिल, त्यावर प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएसडी (फाइल साठवायची डिस्क) यांची पूर्ण मॉडेल नावं आणि सिरियल नंबर. हे मी कळकळीनं सांगतो, कारण माझ्या ऑफिसचा मदरबोर्ड चौदाव्या महिन्यात गेला तेव्हा माझ्याकडं कच्ची चिठ्ठी होती, आणि वॉरंटी असूनही मला पूर्ण किंमत पुन्हा मोजावी लागली. कॅबिनेट टिनाच्या भिंतीला लावून ठेवू नका, आणि वेचणीच्या दिवसांत घरात कापूस साठवता तेव्हा आत पुंजका जातो. दोन महिन्यांनी एकदा बंद करून ब्रशनं साफ करा.

कोटेशन हातात आलं की पैसे देण्याआधी मला फोटो पाठवा. मॉडेल नंबर मी त्याच दिवशी तपासून कळवतो.