उन्हाळ्यात गेमिंग लॅपटॉप ९५-९७ डिग्रीला जातोय, कूलिंग पॅड घेऊ की पेस्ट बदलून घेऊ?

तुमच्या प्रश्नावरून मला जे समजलं ते असं, की तुम्ही धायरीला सगळ्यात वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या खोलीत राहता, लॅपटॉप इंटेलच्या आय सेव्हन १२७००एच प्रोसेसरचा आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डाचा आहे, घेऊन दोन वर्षं झाली, आणि मार्च संपल्यापासून गेम लावला की प्रोसेसर ९५-९७ ला जातो, फॅन बोंबलत राहतो आणि अर्ध्या तासात गेम अडखळायला लागतो. दुकानदार म्हणतोय कूलिंग पॅड घ्या, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचा फॅनवाला स्टँड, मित्र म्हणतोय पेस्ट बदल, म्हणजे चिपची गरमी वरच्या धातूपर्यंत पोचवणारा लेप. माझं म्हणणं आहे दोन्हीवर आत्ता एक रुपयाही घालवू नका, कारण तुमचा अर्धा प्रॉब्लेम खोलीचा आहे आणि उरलेला बराचसा सेटिंगचा, आणि ही दोन्ही कामं फुकटात होतात.

आधी त्या ९७ ची भीती कमी करतो. तुमच्या इंटेल चिपची मर्यादा १०० डिग्री आहे, तिथे पोचली की ती स्वतःच स्पीड खाली आणते, जळत वगैरे नाही. एएमडीच्या लॅपटॉपवाल्या रायझेनची मर्यादा मॉडेलप्रमाणे ९५ ते १०५ असते. ग्राफिक्स कार्डाचं गणित वेगळं, एनव्हिडियाची लॅपटॉपमधली कार्डं साधारण ८७ च्या आसपास स्वतःला आवरायला लागतात, म्हणून कार्ड ८५-८६ दाखवत असेल तर ते प्रोसेसरच्या ९५ इतकंच गंभीर समजा. गेम लोड होताना दोन सेकंद ९५ दिसलं तर सोडून द्या. पण अर्धा तास सलग तिथेच बसलाय आणि वर स्पीड पडतोय, तर मग काम काढायला हवं, आणि तुमचं तेच होतंय.

म्हणून पहिलं काम मोजायचं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते टाका, सेन्सर्सची खिडकी उघडा, गेम सुरू झाल्यावर खालचं घड्याळाचं बटण दाबून जुने आकडे पुसा आणि वीस-पंचवीस मिनिटं नेहमीसारखं खेळा. नंतर मॅक्झिममचा कॉलम बघून घाबरू नका, ॲव्हरेजचा बघा. त्यातच थर्मल थ्रॉटलिंगच्या (गरमीमुळे चिपने स्वतः स्पीड कमी करण्याच्या) ओळी असतात, तिथे येस आलं असेल तर गेम गरमीमुळे अडखळतोय हे पक्कं. तिथे नो आहे आणि पॉवर लिमिटच्या ओळीत येस आहे, तर मात्र गरमीच्या मागे लागून उपयोग नाही, आधी चार्जर मूळचाच आणि पूर्ण वॉटचा आहे का ते बघा.

आता खोली. ह्याकडे कोणी लक्षच देत नाही आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. लॅपटॉपचा फॅन थंड हवा तयार करत नाही, तो खोलीतलीच हवा तांब्याच्या पट्ट्यांमधून ढकलतो. म्हणजे वॉट तेवढेच आणि फॅन तेवढाच धरला तर खोली एक डिग्रीने तापली की चिपही साधारण एक डिग्रीने वर जाते. जानेवारीत संध्याकाळी तुमच्या खोलीत २३-२४ असेल, आणि आता पुण्यात पारा ४० ला टेकायला लागल्यावर स्लॅबखालच्या खोलीत संध्याकाळी सातलाही ३४-३५ सहज असतं, कारण स्लॅब दिवसभर शोषलेली गरमी रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहतो. म्हणजे लॅपटॉपमध्ये काहीही न बिघडता दहा-अकरा डिग्री अशाच वाढल्या. जो लॅपटॉप थंडीत ८५ वर गुपचूप चालत होता तो एप्रिलमध्ये ९५ ला जाऊन अडखळणारच, ह्याला बिघाड म्हणत नाहीत.

त्यात भर म्हणजे हा लॅपटॉप गेममध्ये दीडशे-दोनशे वॉट खेचतो आणि ती सगळी गरमी शेवटी खोलीतच येते, दार लावून दोन तास खेळलात तर खोली तुम्हीच तापवताय. पण पुण्याचा उन्हाळा कोरडा असतो आणि रात्री बाहेरची हवा चांगली उतरते, मुंबईच्या लोकांना हे सुख नाही. सूर्य मावळल्यावर समोरासमोरची खिडकी आणि दार उघडा, एक टेबल फॅन खिडकीत बाहेर तोंड करून लावा म्हणजे खोलीतली गरम हवा बाहेर फेकली जाते. शक्य असेल तर जड गेम रात्री दहानंतर किंवा सकाळी लवकर खेळा, दुपारी तीनला खेळू नका. कूलर असेल तर लावा, कोरड्या हवेत तो खोली मस्त उतरवतो, फक्त त्याचा ओलसर झोत थेट लॅपटॉपवर येऊ देऊ नका. आणि मालक ऐकणारे असतील तर गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारायचा विषय काढून बघा, लॅपटॉपचं जाऊ द्या, तुम्हाला स्वतःला झोप लागेल.

टेबलावर लॅपटॉपच्या मागे भिंत असेल तर टेबल वीतभर पुढे ओढा, कारण गरम हवा मागून निघते आणि भिंतीला आपटून परत खाली जाते. मागच्या दोन पायांखाली काहीतरी टेकू द्या, जाड वह्या चालतील, पण खालची जाळी झाकली जाणार नाही असं बघा कारण हवा तिथूनच आत जाते. गादीवर ठेवून तर कधीच खेळू नका.

मग सेटिंग. शेवटी सगळा खेळ वॉटचा आहे, जितके वॉट कमी तितकी गरमी कमी. १२७००एच ची बेस पॉवर ४५ वॉट आहे आणि टर्बोमध्ये, म्हणजे चिप थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळते तेव्हा, तीच चिप ११५ वॉटपर्यंत जाऊ शकते, आणि कंपन्या ते परफॉर्मन्स मोडमध्ये मोकळं सोडतात कारण रिव्ह्यूमध्ये आकडे चांगले दिसतात. गेमला बहुतेक वेळा तेवढ्याची गरजच नसते.

सगळ्यात आधी एफपीएसला, म्हणजे गेम सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) काढतो त्याला, लगाम घाला. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅनेज थ्रीडी सेटिंग्जमध्ये मॅक्स फ्रेम रेट आहे, २०२० च्या जानेवारीतल्या ड्रायव्हरपासून आलंय ते, त्यात गेमप्रमाणे आकडा टाकता येतो. गोष्टवाले, हळू खेळायचे गेम असतील तर ६० किंवा ७५ ठेवा, नुसत्या मेन्यूत बसल्या बसल्या कार्ड दोनशे फ्रेम काढत असतं ते तरी थांबेल. व्हॅलोरंटसारखं काही खेळत असाल तर स्क्रीनच्या हर्ट्झइतका ठेवा, त्याखाली आणू नका, नाहीतर खेळायची मजा जाईल.

दुसरं टर्बो. विंडोजच्या जुन्या पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा. एक टक्का कमी केला म्हणून एक टक्काच फरक पडेल असं नाही, ९९ केलं की इंटेलमध्ये टर्बोच बंद होतो. माझ्याकडे ह्याने प्रोसेसर सरळ १५-२० डिग्री उतरला आणि कार्डावर भार असलेल्या गेममध्ये एफपीएसचा फरक डोळ्यांना कळलाही नाही. पण व्हॅलोरंट, सीएस टू असे प्रोसेसरवर चालणारे गेम असतील तर फ्रेम चांगल्याच पडतील, तिथे हा उपाय नको, तिथे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कस्टम मोड असेल तर प्रोसेसरला ४५ ते ६० वॉट एवढीच परवानगी द्या. तो मोड नसेल तर थ्रॉटलस्टॉप नावाच्या सॉफ्टवेअरमधूनही बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे करता येतं. निदान परफॉर्मन्सवरून बॅलन्स्डवर तरी या, लेनोवोच्या लीजनमध्ये एफएन आणि क्यू दाबलं की मोड बदलतो, बाकी कंपन्यांचं आपापलं बटण असतं.

लोक अंडरव्होल्टिंग, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवणं, सुचवतील. प्रोसेसरचं अंडरव्होल्टिंग बहुतेक लॅपटॉपमध्ये आता कुलूपबंद आहे, २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची फट जाहीर झाली त्यानंतर कंपन्यांनी बायोसमधून (लॅपटॉपच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमधून) ते बंद करायला सुरुवात केली, तेव्हा तुमच्या चिपवर त्यात रात्री घालवू नका. कार्डाचं मात्र होतं. एमएसआय आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल एफ दाबून व्होल्टेज आणि वेगाचा कर्व्ह उघडा, ८०० ते ८५० मिलीव्होल्टच्या आसपासचा एक बिंदू वर उचला आणि त्यापुढची रेघ सपाट करा. थोडं थोडं करत जा, गेम क्रॅश झाला तर एक पायरी मागे या. कार्ड थंड झालं की प्रोसेसरही थोडा उतरतो कारण बहुतेक लॅपटॉपमध्ये दोघांचे हीटपाइप (गरमी वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या) एकत्रच जोडलेले असतात.

एवढं करून दोन-चार दिवस खेळा आणि परत मोजा. मग धूळ.

दोन वर्षं पुण्यात वापरलेला आणि एकदाही न उघडलेला लॅपटॉप असेल तर आत काय असतं ते मी माझ्या मावसभावाच्या लॅपटॉपमध्ये बघितलंय, तो वाघोलीत राहतो आणि आजूबाजूला सगळी बांधकामं. खालचं कव्हर काढल्यावर वरवर सगळं स्वच्छ वाटतं, फॅनच्या पात्यांवर थोडी राखाडी धूळ एवढंच, आणि लोक इथेच ब्रश फिरवून कव्हर परत लावतात. खरी घाण फॅन आणि तांब्याच्या बारीक पट्ट्यांच्या मधल्या फटीत असते, ती बाहेरून दिसतच नाही. आम्ही फॅनचे तीन स्क्रू काढून फॅन उचलला तेव्हा तिथे पट्ट्यांच्या पूर्ण रुंदीएवढा धुळीचा थर होता, चिमट्याने धरून ओढला तर गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. फॅन कितीही जोरात फिरला तरी त्यातून हवा जाणार कशी? तो एक तुकडा काढल्यावर त्याचं कार्ड ८६ वरून ७७ ला आलं, पेस्ट तीच ठेवून.

स्वतः उघडणार असाल तर वॉरंटीत ते चालतं का हे कंपनीला ईमेलवर विचारून घ्या, फोनवर नको, लेखी उत्तर हाताशी राहतं. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, कव्हर निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. स्क्रू सगळे एका मापाचे नसतात, बऱ्याचदा मागचे लांब आणि पुढचे आखूड, तेव्हा कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या त्या जागी स्क्रू ठेवा, लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर पुढचं प्लास्टिक फुटतं. कव्हरच्या खाचा जुन्या एटीएम कार्डाने उघडा, स्क्रूड्रायव्हरने नाही. आणि ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने किंवा टूथपिकने अडवून धरा, वाऱ्याने तो नेमलेल्या वेगापेक्षा जास्त फिरला तर बेअरिंग खराब होऊ शकतं.

पेस्टचा नंबर यानंतर. पेस्ट गेल्याची खूण अशी, की गेम लावताक्षणी एका सेकंदात ५० वरून ९५ ला उडी, किंवा एक-दोन कोअर बाकीच्यांपेक्षा पंधरा डिग्री वर. तुमच्या आकड्यांत हे दिसत असेल तर जरूर बदला. लॅपटॉपमध्ये चिपवर झाकण नसतं, पेस्ट सरळ सिलिकॉनवर असते आणि सतत तापून-थंड होऊन पातळ पेस्ट हळूहळू कडेला सरकते, म्हणून नुसती महागडी पेस्ट घेण्यापेक्षा पेस्टच्या जागी लावायचं हनीवेलचं पीटीएम७९५० शीट मिळालं तर ते लावा, ते ४५ डिग्रीच्या आसपास मऊ होऊन बसतं आणि बराच काळ टिकतं. टिळक रोडकडच्या कॉम्प्युटरवाल्यांकडे हे काम देणार असाल तर समोर बसून करून घ्या आणि आधी एवढं विचारा की मेमरीवरचे थर्मल पॅड (गरमी पोचवणारे मऊ तुकडे) कोणत्या जाडीचे टाकणार. ज्याला हा प्रश्नच कळला नाही त्याच्याकडे लॅपटॉप देऊ नका, कारण पॅड जाड पडला तर हीटसिंक (गरमी शोषणारा धातूचा भाग) चिपवर नीट टेकतच नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. काही मॉडेलमध्ये कंपनीनेच पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) घातलेलं असतं, त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं आणि बोर्डावर सांडलं तर शॉर्ट होतं. तुमच्यात ते असेल तर घरी अजिबात हात लावू नका.

कूलिंग पॅड सगळ्यात शेवटी. लाइटवाले स्वस्त पॅड दोन-चार डिग्रीचं काम करतात, तेवढं तर मागून उचलूनही होतं. फोमची चौकट असलेले, हवा दाबून आत ढकलणारे पॅड खरंच उपयोगी पडतात, पण महाग असतात, आवाज खूप करतात आणि जाळी नसेल तर धूळही दाबूनच आत घालतात.

तुम्ही विचारलेलं नाही पण बॅटरीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. गरमीने चिपपेक्षा बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि तुमचा लॅपटॉप कायम प्लगला लावलेला असणार, तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर आजच चालू करा. आणि ट्रॅकपॅड वर आल्यासारखा वाटला, क्लिक घट्ट झालं किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला तर बॅटरी फुगलेली असू शकते, मग चार्जर काढायचा, बंद करायचा आणि बॅटरी बदलेपर्यंत वापरायचा नाही, टोचायचं-दाबायचं तर मुळीच नाही. ९७ च्या आकड्याने रात्रीची झोप घालवू नका, पण हे दिसलं तर एक दिवसही थांबू नका.

खोली आणि सेटिंगचं करून झालं की एचडब्ल्यूइन्फोचे ॲव्हरेज आकडे, खोलीचं तापमान आणि लॅपटॉपचं नेमकं मॉडेल इथेच खाली लिहा, धूळ काढायची वेळ आलीच तर त्या मॉडेलचं कव्हर कुठल्या बाजूने उघडायला सुरुवात करायची ते शोधून सांगतो.