गेम खेळणं आणि गेम पारखणं

प्रश्न : मी सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरच्या कॉम्प्युटरवर आणि मित्राच्या प्लेस्टेशनवर सगळ्या प्रकारचे गेम खेळतो. गेमची परीक्षणं लिहिण्यात करिअर होईल का? बाबांना हा वेळकाढूपणा वाटतो. माझं एक परीक्षण सोबत पाठवतोय.

उत्तर : तुझं परीक्षण नीट वाचलं. 'सेलेस्ट' या उड्या मारत डोंगर चढायच्या गेमबद्दल तू लिहिलंयस, 'कंट्रोल एक नंबर.' यातून वाचणाऱ्याला काय कळलं? या गेममध्ये पात्राचा पाय कड्यावरून सुटला, तरी अगदी निमिषभर उडी मारता येते. खेळणाऱ्याला ते कळत नाही, त्याला वाटतं आपणच वेळ अचूक साधली. इतका अवघड गेम असूनही तो चिडून सोडून द्यावासा वाटत नाही, त्यामागे हे एक कारण आहे. असं कारण शोधून चार ओळींत मांडलं, की ते परीक्षण झालं. तुला जाणवलं होतं, पण तू विशेषणावर थांबलास.

दुसरं म्हणजे, सगळ्या गेमना तू एकच फूटपट्टी लावतोस : कथा, ग्राफिक्स, संगीत आणि शेवटी दहापैकी गुण. 'सिव्हिलायझेशन ६' या आळीपाळीने चाली करत साम्राज्य उभारायच्या गेममध्ये कथा नाही म्हणून गुण कापणं मला पटत नाही. तिथे शंभर-दीडशे चालींनंतरही निर्णय घेताना डोकं लागतं का, की नुसतं 'नेक्स्ट टर्न' दाबत बसावं लागतं, ते बघायचं. फायटिंग गेमचा कस ऑनलाइन सामन्यात लागतो. ज्या प्रकारात तुझा हात बसलेला नाही, त्यावर लिहिताना वाचकाला तसं सरळ सांग.

कुठल्या मशीनवर खेळलास, हे तर सुरुवातीलाच यायला हवं. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला, तेव्हा समीक्षकांच्या हाती आधी पीसीची प्रत पडली होती. परीक्षणं छान आली. प्लेस्टेशन ४ वर मात्र गेम इतका अडखळत होता, की प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो काही दिवसांतच आपल्या स्टोअरमधून काढला आणि जून २०२१ मध्ये परत ठेवला. ती परीक्षणं वाचून प्लेस्टेशनसाठी पैसे मोजलेल्या माणसाचा विचार कर. तोच तुझा वाचक आहे. गेम कंपनीकडून फुकट मिळाला असेल, तर तेही त्याला कळलं पाहिजे.

आता पोटापाण्याचं. नुसत्या परीक्षणांवर घर चालवणारे आपल्याकडे फार थोडे. मानधन लेखागणिक, तेही वेळेवर येईलच असं नाही. अमेरिकेतलं १९९१ पासूनचं 'गेम इन्फॉर्मर' मासिकसुद्धा २०२४ मध्ये बंद पडलं होतं, पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झालं. म्हणून बी.कॉम. अजिबात सोडू नकोस. मात्र बारकाईने खेळून नेमकं लिहिण्याची सवय गेम टेस्टिंगमध्ये थेट उपयोगी पडते. कुठे, काय केल्यावर, काय बिघडलं, हे दुसऱ्याला तसंच करून बघता येईल असं लिहून देणं, हे तिथलं रोजचं काम. गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीचा स्टुडिओ पुण्यातच आहे, तिथल्या जागांवर लक्ष ठेव.

बाबांना तू फक्त खेळताना दिसतोस. लिहिलेलंही त्यांना वाचायला दे.

पुढचं परीक्षण 'राजी' या गेमचं कर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो २०२० मध्ये आणला. आपल्या माणसांनी केला म्हणून सांभाळून घेऊ नकोस, उगाच झोडपूही नकोस. लढाई कुठे रंगते, कुठे तेच तेच होतं, कोडी कुठे जमली आहेत, ते प्रसंगासकट लिही. मराठीतच लिही, सहाशे शब्दांत, आणि मला पाठव.