मुंबई-न्यूयॉर्क अंतर: पट्टी ठेवा, दोरा घ्या

कळव्याच्या ताईंचा प्रश्न असा: लेकीच्या नववीच्या प्रकल्पासाठी मुंबई ते न्यूयॉर्क अंतर हवंय. भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने 16,500 किमी येतं, संगणक 12,500 सांगतो आणि मामा म्हणतो, विमानातल्या पडद्यावर 13 हजारांच्या वर होतं. खरं कुठलं?

ताई, प्रकल्पात 12,530 लिहा. पण पट्टी का चुकली हे लेकीला कळलं पाहिजे, सगळी गंमत तिथेच आहे.

तुमचा नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा दिसतो, 1569 सालची ती. त्यात विषुववृत्तापासून दूर जावं तसा नकाशा ताणला जातो. 60 अक्षांशावर रेखांशाचा एक अंश प्रत्यक्षात 56 किमीच भरतो, विषुववृत्तावर 111. नकाशावर दोन्ही सारखेच! हा ताण काढला तर तुमच्या 16,500 चे 14,200 होतात. तरीही 1,700 किमी जास्तच, कारण पट्टीने आखलेली ती रेघ मुळात जवळची वाटच नाही.

ठाण्यात मी बरीच वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर हे कधी कुणाला पटलं नाही, दोऱ्याने पटलं. पृथ्वीगोल घ्या, मुंबईवर दोऱ्याचं टोक दाबा आणि न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा. मुलांना वाटतं तो अरबस्तान, इजिप्त, अटलांटिक असा जाईल. तो जातो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँडवरून आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला चाटून. वर्गात दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, "सर, दोरा सरकला!" मग त्यांनाच ताणायला द्यायचा. 30 सेमी व्यासाच्या गोलावर हा दोरा साधारण साडेएकोणतीस सेमी भरतो. विषुववृत्ताभोवती गुंडाळला तर 94 सेमी, म्हणजे 40,000 किमी. पुढचं त्रैराशिक लेक करेल.

आकडेमोडच हवी असेल तर मुंबई 19.09 उत्तर, 72.87 पूर्व, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ 40.64 उत्तर, 73.78 पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार मिळवा. येणारी संख्या ज्या कोनाचा कोसाइन आहे, तो कोन 112.7 अंश. त्याला 111.2 ने गुणा. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्याने थोडा फरक राहतो, शाळेसाठी तो सोडा.

एक चूक मात्र हमखास होते. पश्चिम रेखांशाला वजा चिन्ह लावायचं राहतं आणि उत्तर 2,400 किमी येतं. मग न्यूयॉर्क किर्गिझस्तानात जाऊन बसतं!

नवी मुंबईच्या विमानतळावरून मोजायचं का, असंही तुम्ही विचारलंय. दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर अंतर आहे, त्यामुळे उत्तर त्याहून जास्त बदलूच शकत नाही.

मामाही खोटं सांगत नाहीत. विमान दोऱ्यावरून उडत नाही. ठरलेले मार्ग असतात, वारा असतो, कधी एखाद्या देशाचं आकाशच बंद असतं. 2019 मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपलं बंद ठेवलं, तेव्हा इथून पश्चिमेला जाणाऱ्या कितीतरी विमानांना वळसा पडला होता. मामांचा आकडा घ्यायचाच असेल तर 'प्रत्यक्ष उड्डाण' म्हणून वेगळ्या ओळीत लिहा आणि ते कुठल्या तारखेला गेले होते तेही विचारून घ्या.