समोरच्याचे अश्रू आणि आपला चेहरा

समोरची व्यक्ती रडू लागताच आपलाही चेहरा ओढला जातो, याची समुपदेशनाच्या कामात नव्याने आलेल्या तुम्हाला लाज वाटते, असे तुम्ही म्हणालात. ती वाटू देऊ नका. स्वीडनमधील उल्फ डिमबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की, हसरा किंवा रागीट चेहरा जाणिवेत उतरण्याइतकाही वेळ दिसला नाही, तरी पाहणाऱ्याच्या गालाचे आणि भुवईचे स्नायू त्याला अनुसरून हलतात. मात्र ही निव्वळ नक्कल नव्हे, कारण ज्यांच्याशी जवळीक हवी त्यांचे भाव आपण अधिक उचलतो. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात आपल्या पैलवानाची कळ पाहून दात आवळले जातात. प्रतिस्पर्ध्यासाठी तसे क्वचितच होते. म्हणून दुःख पोहोचल्याची खूण चेहऱ्यावर उमटू द्या, पण मुद्दाम आणू नका. माझ्या अनुभवात लोक ते लगेच ओळखतात. संध्याकाळी रंकाळा तलावावर एक फेरी अवश्य मारा, कारण उचललेला भाव मनात रेंगाळतो.