पूरग्रस्त ४१

पत्र :

‘आक्का, मी कोल्हापुरात ताराबाई पार्कात राहते. आमचा अडीचशे बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. यंदा पंचगंगेचं पाणी वाढलं तसं आम्ही दोन दिवसांत साठ घरांची किट बांधली. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापूड, बिस्किटं, चादर. नदीकाठच्या चिखली गावच्या एक मावशी आमच्याच ग्रुपवर आहेत, म्हणजे होत्या. त्यांना किट देतानाचा फोटो मी ग्रुपवर टाकला. पैसे देणाऱ्यांना हिशेब नको का द्यायला? खाली नमस्कारांची रांग लागली. त्याच रात्री मावशी ग्रुप सोडून गेल्या. मी फोन केला. (त्यांचा नंबर आधी ‘चटणी मावशी’ म्हणून होता, यादी करताना ‘पूरग्रस्त ४१’ केला, त्यामुळं शोधायलाच वेळ गेला.) उचलत नाहीत. बाकीच्या म्हणतात, लोकांना केल्याची जाणीवच नसते. आता दहा दिवस झाले, मन लागत नाही. पुढच्या पावसाळ्यात हे करावं की सोडून द्यावं?’

पुढच्या पावसाळ्याचं नंतर बघू. आधी कंसात काय लिहून बसलीस ते वाच परत.

चटणी मावशी. म्हणजे ही बाई तुमच्या ग्रुपवर चटणी विकायची. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, त्यात कांदा, लसूण, सुकं खोबरं, धने, तीळ घालायचे आणि डंकावर नंबर लावून शिंकत-खोकत कांडून आणायचं. आपल्याकडं वर्षाची चटणी अशी होते, हे तुला मी सांगायला नको. सांग बघू, आज तुझ्या ओट्यावरच्या बरणीत चटणी कुणाची आहे? तुझा तांबडा रस्सा कुणाच्या जिवावर तांबडा होतो?

आणि त्या बाईचं तू नाव बदललंस. तेही मुद्दाम नव्हे, यादी सोयीची व्हावी म्हणून. पाणी ओसरलं, किट वाटून झाली, ग्रुपवर पुन्हा सुप्रभात सुरू झालं, आणि ती तुझ्या फोनमध्ये अजून पूरग्रस्तच आहे, तीही एक्केचाळिसावी. फोटो काय, त्याच नावाचं चित्र होतं. तिला ते नाव दिसलं नसेल, पण फोटोत वाचता आलं.

हिशेबाचं म्हणशील, तर लक्ष्मीपुरीतल्या दुकानाचं बिल टाकायचं होतंस. किती पोती, काय भाव, खाली बेरीज, झाला हिशेब. त्यात माणसाचं तोंड कशाला लागतं? २०१९ च्या पुरात मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवले म्हणून सगळा महाराष्ट्र संतापला होता. तूही संतापली असशीलच. पुढाऱ्यानं आपलं तोंड छापलं, तू तिचं छापलंस. मला तर तुझंच जास्त लागलं.

त्याच सालचं आणखी आठव. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यामुळं ज्यांच्या अंगणात थेंब आला नव्हता त्यांचेही नळ कोरडे. ताराबाई पार्कसुद्धा कळशी घेऊन टँकरच्या रांगेत होता. तू गाऊनवर ओढणी टाकून उभी असशील, केस न विंचरता. पुण्यातल्या कुणी तेव्हा तुझा फोटो काढून आपल्या ग्रुपवर ‘गरजूंना पाणीवाटप’ म्हणून टाकला असता, आणि खाली तुझ्या नणंदेनं हात जोडले असते, तर? तू ग्रुप सोडून थांबली नसतीस, भांडायला गेली असतीस.

मी काही धुतल्या तांदळाची नाही. त्या पुरात मीही जुने कपडे गाठोडं बांधून पाठवले. धुऊन, इस्त्री करून, मोठ्या प्रेमानं. पुढं शिरोळकडं जाताना रस्त्याकडेला तसल्याच कपड्यांचे ढीग चिखलात पडलेले पाहिले. त्यात माझंही लुगडं असेल. त्या दिवसापासून मी आधी विचारते आणि मग पाठवते.

तू विचारलं होतंस का गं तिला? ती ग्रुपवरच होती. चिखली-आंबेवाडीच्या माणसांना पुराचं तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं. पाणी कुठवर आलं की जनावरं सोडवून सोनतळी गाठायची, हे तिथलं पोरगंसुद्धा सांगेल. अडीचशे बायकांत पूर माहीत असलेली एकटी तीच, आणि तिला तुम्ही रांगेत उभी केलीत. तिच्याकडून यादी घेतली असती तर तिनं कदाचित बिस्किटं कापून खराटे, फावडी आणि फिनेल लिहिलं असतं.

जाणीव नाही म्हणणाऱ्या तुझ्या मैत्रिणींना एक विचार. शेजारणीनं वाटीतून काही पाठवलं तर ती वाटी आपण रिकामी परत देतो का? निदान चिमूटभर साखर तरी घालतो. त्यामुळं देणारी कायम देणारी राहत नाही आणि घेणारी कायम घेणारी राहत नाही. तुमचं किट प्लॅस्टिकच्या पिशवीतून गेलं. त्या पिशवीत ती काय घालून परत करणार होती? तिच्याकडं परत करायला एकच गोष्ट होती, ग्रुपमधली आपली जागा. तेवढी तिनं केली.

फोटो काढून टाक, हे काय सांगायचं! पण उशीर झालाय. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन-अडीच दिवस उलटले की टाकलेलं सगळ्यांच्या फोनमधून पुसता येत नाही, आणि अडीचशे गॅलऱ्यांत तो कधीच उतरलाय. ग्रुपवर माफीचा लांबलचक मेसेजही लिहू नको. तोही वाचतील, त्यालाही हात जोडतील, आणि पुन्हा तूच चांगली ठरशील.

तू चिखलीला जा. या रविवारी, एकटी. फोन पर्समध्ये ठेव. गाडीत तांदूळ नको, चादर नको, बिस्किटाचा एक पुडासुद्धा नको. स्टीलचा दोन किलोचा डबा घे, रिकामा, घासूनपुसून. निघण्याआधी ती यादी उघड, ४१ नंबरला नाव काय आहे ते वाच, आडनावासकट, आणि फोनमध्ये तेच लिही. दारात उभी राहून सांग, चटणी संपत आली, दोन किलो पाहिजे. ती म्हणेल, आत्ता कुठली चटणी बाई, मिरची भिजून गेली. तर म्हण, उन्हाळ्यात द्या, पैसे आत्ता घ्या. भाव तिनं सांगायचा. दरवर्षी दहा-वीस रुपयांसाठी हुज्जत घालत असलीस तर तीही घाल, चुकवू नको. फोटोचं तिनं काढलं तर ‘चुकलं’ म्हण आणि गप्प बस. हिशेबाचं काही बोलायचं नाही. तिनं नाही काढलं तर तूही काढू नको.

पुढच्या पावसाळ्यात करायचं का आणि काय, ते मला विचारू नको, तिला विचार. पण त्याच दिवशी नाही.

चहा ठेवेल ती. घरात कप नसतील तर शेजारून मागून आणील. ‘कशाला उगाच’ म्हणून उठायचं नाही. बस आणि पी.

– आक्का