कामासाठी दर महिन्याला कोलकात्याला जायचं आहे. कुठे राहावं, कुठे जेवावं आणि संध्याकाळी काय करावं?

तुम्ही प्रश्नात पुढे लिहिलंय की काम सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये आहे, मुक्काम तीन-चार दिवसांचा असेल, आणि ऑफिसातल्या लोकांनी "संध्याकाळी तिथे काही नसतं, खोलीत टीव्ही बघत बसावं लागतं" असं सांगितलंय. ते वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी चिंचवडची. कातडी कमावायला लागणारी रसायनं आणि रंग विकते. कोलकात्याच्या पूर्वेला बानतला इथे चामड्याच्या कारखान्यांची वसाहत आहे, तिथे चौदा वर्षं जातेय, दोन महिन्यांतून एकदा तरी. पहिली दोन वर्षं मीही तुमच्या सहकाऱ्यांसारखंच म्हणत होते. कारण मी चुकीच्या जागी उतरत होते. बायपासजवळचं एक नवंकोरं हॉटेल होतं, खोली ऐसपैस, नाश्ता उत्तम, पण खिडकीतून दिसायचा फक्त उड्डाणपूल. बाहेर पडून चालत जावं असं आसपास काहीच नाही. सात वाजता दार लावून घ्यायचं आणि घरी फोन करायचा, एवढीच काय ती संध्याकाळ.

म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा: राहायचं पार्क स्ट्रीटपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत. काम कुठेही असो. आता तर तुम्हाला अडचणही नाही. ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची हिरवी मार्गिका हावडा मैदानापासून सेक्टर फाइव्हपर्यंत सलग सुरू झाली आहे. एस्प्लनेडला बसलात की थेट कामाच्या ठिकाणी. विमानतळापासूनही मेट्रो आहे, नोआपाडाला गाडी बदलायची आणि पार्क स्ट्रीट स्टेशनला उतरायचं. सामान कमी असेल तर संध्याकाळच्या गर्दीत टॅक्सीपेक्षा हेच बरं.

कंपनी खर्च देत असेल तर पार्क स्ट्रीटवरचं 'द पार्क' घ्या. १९६७ पासून आहे, खाली उतरलं की तुम्ही थेट रस्त्यावर. स्वतःच्या मनाने निवडायचं असेल तर माझं आवडतं सडर स्ट्रीटवरचं 'फेअरलॉन'. मूळ घर १७८३ सालचं. हिरव्या रंगाची दुमजली वास्तू, पुढे झाडांनी भरलेलं अंगण, वेताच्या खुर्च्या. बरीच वर्षं व्हायोलेट स्मिथ नावाच्या बाई ते चालवत. त्या २०१४ मध्ये वारल्या, आणि पुढे एल्गिन समूहाने ते घेऊन डागडुजी केली. याच सडर स्ट्रीटवरच्या एका घरात तरुण रवींद्रनाथ काही काळ राहिले होते. संध्याकाळी अंगणात बिअर घेऊन बसलेली मंडळी असतात, मी चहा घेऊन बसते, आणि दिवसभराच्या भेटींची टिपणं तिथेच लिहून काढते. इंडियन म्युझियम अगदी कोपऱ्यावर, न्यू मार्केट पाच-सात मिनिटांवर. सडर स्ट्रीट हा स्वस्तात फिरणाऱ्या परदेशी पाहुण्यांचा रस्ता आहे, थोडा गजबजाट असतो. शांत झोप हवी असेल तर मागच्या बाजूची खोली मागून घ्या.

आता संध्याकाळ.

पार्क स्ट्रीटचं सरकारी नाव आज मदर टेरेसा सरणी आहे, पण ते फक्त पाट्यांवर. पन्नास-साठच्या दशकात देशातलं हॉटेलांमधलं वाद्यवृंद-संगीत ज्या मोजक्या रस्त्यांवर फुललं, त्यातला हा पहिल्या मानाचा. 'ट्रिंकाज'मध्ये १९६९ साली उषा उथुप कांजीवरम नेसून इंग्रजी गाणी म्हणायला उभ्या राहिल्या. मला हे माहीत नव्हतं तेव्हाही मी तिथे एकदा एकटीच शिरले होते. एका कारखान्यातली मोठी ऑर्डर ऐनवेळी हातची गेली होती, घरी सांगायचं धाडस होत नव्हतं. आत मंद दिवे, एका टोकाला छोटासा मंच, चार वादक आणि काळ्या साडीतल्या एक गायिका. त्या माझ्या आईच्या वयाच्या असतील. साडेनऊच्या सुमाराला त्यांनी एक जुनं हिंदी गाणं इतक्या सावकाश गायलं की शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी काटे-चमचे खाली ठेवले. पांढऱ्या कोटातला म्हातारा वाढपी माझ्याकडे आला, पाणी भरलं आणि न विचारता म्हणाला, "बसा दीदी, घाई नाही." त्या रात्री मी साडेदहापर्यंत बसले. तेव्हापासून प्रत्येक फेरीतली एक संध्याकाळ ट्रिंकाजची असते. एकट्या बाईला तिथे कुणी वळूनही बघत नाही, हे मी अनुभवाने सांगतेय. शनिवारी मात्र टेबल आधी सांगून ठेवा.

त्याच रस्त्याच्या आसपास 'पीटर कॅट' आणि 'मोकॅम्बो' आहेत. पीटर कॅटचा चेलो कबाब सगळ्यांना ठाऊक असतो: लोण्यात घोळवलेला भात, वर अंडं, सोबत कबाब. चांगला लागतो, पण सातच्या आत गेलात तरच, नाहीतर तासभर फुटपाथवर उभं राहावं लागतं. मोकॅम्बो १९५६चं. तिथे खेकड्याच्या कवचात भरून भाजलेला 'डेव्हिल्ड क्रॅब' मागवा. कोकणातल्या माणसाला खेकडा असा क्रीममध्ये बघून आधी धक्का बसतो, पण लालसर मंद दिव्यांत आणि त्या गुबगुबीत सोफ्यांवर तोच पदार्थ शोभतो. सकाळी न्याहारीला 'फ्लुरीज', १९२७ सालचं. तिथला चहा-टोस्ट महाग आहे, पण कुणाला कामासाठी भेटायचं असेल तर साडेआठला त्या काचेच्या खिडकीशी बसण्यासारखी दुसरी जागा नाही. मी दोन करार तिथेच केले आहेत.

हे झालं पाहुण्यांचं कोलकाता. जेवायचं खरं कोलकाता दुपारचं असतं.

तिथे 'पाइस हॉटेल' म्हणून एक प्रकार आहे. आपण खानावळीला हॉटेल म्हणतो तसंच त्यांचंही, आणि पाइस म्हणजे पैसा. प्रत्येक पदार्थाचा दर वेगळा. केळीच्या पानाचे पैसेही वेगळे आणि लिंबाच्या फोडीचेही. न्यू मार्केटपासून जवळ जानबाजारात 'सिद्धेश्वरी आश्रम' आहे. जिना चढून जायचं, संगमरवरी टेबलांवर अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं. वाढपी एका दमात पंधरा माशांची नावं म्हणतो. पहिल्यांदा मला रुई आणि कातला सोडून काही कळलं नव्हतं.

आपल्याकडे ताट एकदम वाढतात आणि आपण या वाटीतून त्या वाटीत फिरतो. बंगाली जेवण तसं नसतं. एका वेळी एकच. आधी कडू, म्हणजे शुक्तो, कारलं आणि भाज्यांची दुधाळ पातळ भाजी. मग डाळ-भात आणि तळलेलं काहीतरी. मग भाजी, मग मासा, मग मटण. शेवटी गोड-आंबट चटणी आणि पापड. मी पहिल्या दिवशी डाळीच्या भातात माशाचं कालवण ओतलं, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी अगदी आपुलकीने माझा हात थांबवला. "माशाला त्याचा भात द्या," म्हणाले. वाढप्याला हाक मारून त्यांनी माझ्या पानावर नवा भात घालायला लावला. तेव्हापासून मी घरीही तसंच जेवते. सिद्धेश्वरीत 'कबिराजी झोल' घ्या. आजाऱ्याला द्यावं इतकं हलकं कालवण, कच्चं केळं आणि बटाटा घातलेलं. प्रवासात बिघडलेलं पोट त्याने ताळ्यावर येतं. सरसों लावलेला हिलसा पावसाळ्यात मिळाला तर सोडू नका, पण काट्यांसाठी अर्धा तास हाताशी ठेवा. आपल्या सुरमई-पापलेटची सवय असलेल्याला हिलशाचे काटे शिकावेच लागतात. मासे खात नसाल तर केळफुलाची भाजी मोचार घंटो, डाळीच्या वड्यांचं धोकार डालना आणि खसखशीतला आलू पोस्तो यांवर चार दिवस सहज निघतील.

आणि वर ज्यांचा उल्लेख केला ते गृहस्थ नंतर माझे गिऱ्हाईक झाले, एका टॅनरीची खरेदी तेच बघतात. ते मला 'बर्गी दीदी' म्हणतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगालला जे छळलं, त्याची आठवण तिकडे आजही बाळाला झोपवण्याच्या ओळींत आहे. त्या भीतीने १७४२ मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला, तो अर्धवटच राहिला, मराठे शहरात आलेच नाहीत, आणि पुढे तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आजही आहे. त्यांनीच मला ती दाखवली. माझ्याकडून काही न मागता माझ्या इतिहासातला एक कोपरा त्यांनी हातात ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यांच्यासोबत रात्रीचं जेवण टांगराला ठरलेलं. ही जुनी चिनी टॅनरीवाल्यांची वस्ती. हाक्का चिनी लोक पिढ्यान्‌पिढ्या इथे कातडी कमावत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथल्या टॅनऱ्या शहराबाहेर हलवायचा आदेश दिला, म्हणूनच तर मी बानतलाला जाते. कारखाने गेले, पण काही कुटुंबांनी त्याच जागांत उपाहारगृहं थाटली. आपल्याकडे गल्लोगल्ली गाडीवर मिळणारं मांचुरियन मुंबईत ज्यांनी शोधलं असं मानतात, ते नेल्सन वांगही मूळचे कोलकात्याचेच. टांगराला मिरचीतलं कोरडं चिकन आणि लसणीतली कोळंबी घ्या, चौघांत मिळून. वाढप प्रचंड असतं. परतायला गाडी आधीच सांगून ठेवा, तिथून रात्री टॅक्सी पटकन मिळत नाही.

बिर्याणीबद्दल थोडक्यात: बटाटा घातलेली हवी असेल तर पार्क सर्कसचं 'अर्सलान', आणि मटण चापसाठी चितपूरचं १९०५ सालचं 'रॉयल'. रॉयलच्या बिर्याणीत बटाटा नसतो, त्यावरून तिथे दोन तट आहेत. मी रॉयलच्या बाजूची.

पार्क स्ट्रीट साडेअकराच्या सुमाराला मंदावतो. त्यानंतर भूक लागली तर भवानीपूरला 'बलवंत सिंग'चा धाबा गाठा. तिथलं 'दूध-कोला', म्हणजे थंड दुधात कोला, ऐकायला विचित्र वाटतं, पण कोलकात्याची उकाड्याची रात्र त्यानेच निवते. तिथे मध्यरात्री डॉक्टर, टॅक्सीवाले, कॉलेजची पोरं, लग्नावरून परतणारी कुटुंबं सगळी एकत्र असतात.

रविवार मुक्कामात आला तर पहाटे पाचला उठा आणि पोद्दार कोर्टाशेजारच्या टिरेटा बाजारात जा. रस्त्याकडेला चिनी बायका वाफाळत्या टोपल्या घेऊन बसतात: पाव, मोमो, माशाच्या गोळ्यांचं सूप. आठपर्यंत सगळं संपतं. हल्ली विक्रेते कमी झालेत, दर वर्षी एखादी ओळखीची टोपली दिसत नाही. म्हणून लवकर जाऊन या.

तारखा तुमच्या हातात असतील तर एक फेरी २२ ते २५ जानेवारीला धरा. तेव्हा नजरुल मंचावर डोव्हर लेनचं शास्त्रीय संगीत संमेलन असतं, १९५२ पासूनचं. रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. आपल्या सवाईच्या मंडपातली जुनी माणसं आठवतील अशी माणसं तिथे शाली पांघरून, थर्मासमधला चहा वाटून घेत बसलेली असतात. मी तीनदा गेले. एकदा पहाटेचा भैरव संपल्यावर बाहेर तलावावर धुकं होतं, आणि अनोळखी बाईंनी मला त्यांच्या डब्यातला नोलेन गुडाचा संदेश दिला. खजुराच्या रसाचा हा ताजा गूळ फक्त थंडीतच मिळतो. परतीच्या दिवशी भवानीपूरच्या 'बलराम मल्लिक'मधून एक खोका बांधून घ्या. हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका, उन्हाने तो लगेच ढिला पडतो.