शेंगदाणा वर्ज्य असलेल्या घरात हॅमस्टरला काय घालावं?

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दोन वर्षांपूर्वी लग्नाच्या जेवणात कोशिंबिरीतल्या कुटाने तिचे ओठ सुजले, धाप लागली, रात्री दवाखाना गाठावा लागला. आता वाढदिवसाला मामाने तिला सिरियन हॅमस्टर आणून दिलाय. दुकानदाराने सोबत दिलेल्या सुट्या खाद्यात मका, सूर्यफुलाच्या बिया, गहू आणि भरपूर शेंगदाणे आहेत. पोरीला त्याचा इतका लळा लागलाय की परत द्यायचं मनात येत नाही. शेंगदाणे वेचून काढले तर चालेल का? त्याऐवजी काय घालू, म्हणजे त्याचीही आबाळ होणार नाही?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, वेचून चालणार नाही. पिशवीच्या तळाला हात घालून पाहा, बोटांना तपकिरी फोलपटं आणि तेलकट भुकटी लागेल. ती शेंगदाण्याचीच असते आणि प्रत्येक दाण्याला चिकटलेली असते. ती पिशवी मुलीने उघडायची नाही. तुम्हीच ती बांधून घराबाहेर काढा.

शेंगदाणा बंद केला म्हणून हॅमस्टरचं काहीही अडत नाही. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मी चरबी असते. हॅमस्टरच्या रोजच्या खाण्यात मात्र चरबी ४ ते ७ टक्के आणि प्रथिनं १६ ते २० टक्के असली की पुरे. शिवाय दमट हवेत शेंगदाण्याला बुरशी लवकर धरते आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या ओलीत सुटे शेंगदाणे ठेवणं हॅमस्टरच्या दृष्टीनेही शहाणपणाचं नाही.

खाद्य बदलण्याआधी पिंजरा साफ करायला हवा. हॅमस्टर मिळेल ते गालातल्या पिशव्यांत भरतो आणि घरट्याखाली नेऊन साठवतो. म्हणजे तुम्ही वाटीतून शेंगदाणे काढलेत, तरी त्याच्या कोठारात ते आहेतच. हे काम ॲलर्जी नसलेल्या मोठ्या माणसाने, मुलगी शाळेत असताना, शक्यतो गच्चीवर किंवा अंगणात करावं. हॅमस्टरला हवेशीर डब्यात हलवा. बेडिंगवर, म्हणजे पिंजऱ्याच्या तळाला अंथरलेल्या भुसा-कागदाच्या थरावर, पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे धूळ उडणार नाही. मग सगळं बेडिंग, घरटं आणि साठा पिशवीत बांधून टाका. एरवी वासाची ओळख राहावी म्हणून जुनं बेडिंग मूठभर परत घालतात, पण या खेपेला तेही नको. पिंजरा, चाक, वाटी साबण आणि कोमट पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. कुरतडलेल्या लाकडी वस्तूंच्या भेगांत कण राहतात, त्या बदलाव्या. अंगावरच्या कणांसाठी हॅमस्टरला आंघोळ घालू नका, त्याला गारठा बाधतो. दोन-तीन दिवस त्याला लोळायला वाळूची वाटी ठेवा, वाळू रोज बदला आणि तेवढे दिवस मुलीने त्याला हातात घेऊ नये. नवं बेडिंग घेताना ते भुईमुगाच्या टरफलांचं नाही ना, तेही विचारा.

आता खाणं. पाया पेलेटचा, म्हणजे सगळे घटक दळून दाबून केलेल्या कोरड्या गोळ्यांचा ठेवा. सुट्या मिश्रणात हॅमस्टर आवडीचं तेलबी आधी उचलतो आणि उरलेलं टाकतो, त्यामुळे मिश्रण कितीही समतोल असलं तरी त्याच्या पोटात जाणारं समतोल राहत नाही. पेलेटचा प्रत्येक तुकडा सारखाच असल्याने ती अडचण येत नाही. सीलबंद पाकीट घ्या आणि घटकांची यादी पूर्ण वाचा. 'तेलबियांची पेंड' एवढंच मोघम लिहिलं असेल तर घेऊ नका, कारण ती शेंगदाणा पेंड असू शकते. माणसांच्या खाद्यपदार्थांवर असते तशी ॲलर्जीची सूचना प्राण्यांच्या खाद्यावर असेलच असं धरून चालू नका. कंपनीला लिहून विचारा : शेंगदाणा याच यंत्रावर दळला जातो का? उत्तर आलं नाही तर ते पाकीट सोडून द्या.

पूर्ण वाढलेल्या सिरियन हॅमस्टरला दिवसाला सुमारे १० ते १२ ग्रॅम कोरडं खाद्य लागतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजा आणि त्या मापाची एक छोटी वाटी ठरवून टाका. त्यात ८ ग्रॅम पेलेट आणि २ ते ३ ग्रॅम धान्य : ज्वारी, बाजरी, राळा, ओट्स. शेंगदाण्याची जागा लाल भोपळ्याच्या, म्हणजे आपल्या डांगराच्या बियांना द्या. बाजारातल्या सोललेल्या बिया बहुतेकदा शेंगदाणे आणि काजूंसोबतच पॅक होतात. त्यापेक्षा डांगर घरी चिराल तेव्हा बिया काढा, गर धुऊन टाका, दोन दिवस सावलीत आणि दोन दिवस उन्हात वाळवा. बी बोटांत मोडल्यावर कट्कन आवाज आला की वाळली. दिवसाला एक-दोन पुरेत.

आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा, मीठ न घालता. रोज संध्याकाळी काकडी, गाजर, कोथिंबीर किंवा ब्रोकोली यांपैकी एखादी भाजी, अंगठ्याच्या नखाएवढी. उरलेली भाजी तीन-चार तासांनी काढा. कांदा, लसूण, लिंबूवर्गीय फळं, कच्चा बटाटा, कच्चा राजमा, सफरचंदाच्या बिया आणि चॉकलेट कधीच नको. आपल्या घरच्या बहुतेक भाज्यांत कांदा-लसूण मसाला असतोच, म्हणून ताटातलं काहीही नको.

मेथीबद्दल वेगळं सांगायला हवं. मेथी आणि शेंगदाणा एकाच कुळातले. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काहींना मेथीही बाधते. मुलगी मेथीची भाजी आजवर बिनत्रास खात असेल तर हॅमस्टरला एखादं पान द्यायला हरकत नाही. तिने कधी खाल्लीच नसेल तर पिंजऱ्यातही नको. मसूर, हरभरा, सोयाबीन यांनाही हाच नियम.

धान्य सुटं आणू नका. लक्ष्मीपुरीच्या बाजारात ज्वारीच्या पोत्याशेजारी शेंगदाण्याचं पोतं असतं आणि माप दोन्हीत फिरतं. फुटाणे तर मुळीच नकोत, कारण भट्टीवर ज्या वाळूत फुटाणे भाजतात त्याच वाळूत शेंगदाणेही भाजले जातात.

बदल एका रात्रीत केला तर जुलाब लागतात. पण शेंगदाण्याची भुकटी असलेलं जुनं खाद्य आणखी आठवडाभर चालवणंही बरोबर नाही. यावर उपाय आहे. जुन्या मिश्रणातलेच मका, गहू आणि सूर्यफुलाच्या बिया सीलबंद आणून त्यांचं स्वच्छ मिश्रण करा. बियांच्या पाकिटावरची ॲलर्जीची सूचना वाचूनच घ्या. पहिले तीन दिवस पाऊण भाग हे मिश्रण आणि पाव भाग पेलेट, पुढचे तीन दिवस निम्मं-निम्मं, मग चार दिवस पाव भाग मिश्रण. दहाव्या दिवसानंतर वर दिलेलं माप. या काळात शेपटीखालचा भाग ओला, घाण दिसला आणि हॅमस्टर मलूल झाला, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. घर नुकतंच बदललेल्या लहान सिरियन हॅमस्टरला हा आजार एक-दोन दिवसांत संपवू शकतो.

शेवटी हात. शेंगदाण्याचा कण नुसता त्वचेला लागला तर बहुधा खाज येते किंवा गांधी उठतात. मोठा धोका तोच हात तोंडात किंवा डोळ्याला गेला तर. हॅमस्टरला हाताळल्यावर साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवायचे. सॅनिटायझर जंतू मारतो, पण शेंगदाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं. आणि हा नियम फक्त मुलीला नाही. आजीने चटणी कुटली किंवा दादाने भडंग खाल्लं आणि त्याच हाताने हॅमस्टरला कुरवाळलं, तर ती भुकटी त्याच्या केसांवरून मुलीपर्यंत पोहोचते. पाहुण्यांसाठी पिंजऱ्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा : 'याला काही घालू नका.' डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते घरात कुठे आहे हे प्रत्येकाला ठाऊक हवं. नसेल दिलं, तर पूर्वीचा प्रसंग सांगून त्याबद्दल आवर्जून विचारा. श्वास लागला की इंजेक्शन द्यायचं आणि १०८ ला फोन करायचा. बरं वाटेल म्हणून वाट बघत बसायचं नाही.

प्रश्न : मला गव्हाची ॲलर्जी आहे. पेलेटचं पाकीट उघडलं की शिंका आणि डोळ्यांना खाज सुरू होते. गहू नसलेलं पेलेट कुठेच दिसत नाही. घरीच मिश्रण केलं तर?
– एक वाचक, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : आधी एक फरक. सिलिॲक आजारात गहू पोटात गेला तर त्रास होतो. तिथे हात धुणं आणि पेलेटची भुकटी तोंडात न जाऊ देणं पुरतं. तुमच्यासारखा शिंकांचा त्रास मात्र श्वासातून जाणाऱ्या पिठाने होतो. बेकरीत काम करणाऱ्यांना पिठाने दमा होतो, त्याच जातीचा.

आमचा कौल असा, की घरात दुसरं कुणी असेल तर पेलेट बंद करू नका. त्या व्यक्तीने पाकीट गॅलरीत उघडावं, पेलेट मोठ्या चाळणीतून चाळावीत, खाली पडलेली भुकटी टाकावी आणि ७ दिवसांच्या ७ लहान डब्या भरून ठेवाव्यात. तुम्ही रोज फक्त डबी रिकामी करायची, तीही मास्क लावून. बहुतेकांचा त्रास तळाच्या भुकटीचा असतो, अख्ख्या पेलेटचा कमी.

एकटे राहत असाल तर घरचं मिश्रण. १०० ग्रॅमचं माप असं : ज्वारी २२, बाजरी २०, राळा १५, राजगिरा १०, सालं काढलेले बिनमिठाचे फुटाणे २६, डांगराच्या बिया ४, जवस ३. यात प्रथिनं साधारण १५ टक्के आणि चरबी ७ टक्क्यांच्या आसपास येते. प्रथिनं थोडी कमी पडतात, म्हणून अंडं किंवा बिनमिठाचं पनीर आठवड्यातून तीनदा, वाटाण्याएवढं. जव, म्हणजे सातू, गव्हाचा भाऊबंद, तो नको. साध्या ओट्समध्ये गहू मिसळलेला असू शकतो, तेही नकोत. या मिश्रणात कॅल्शियम आणि काही जीवनसत्त्वं अपुरी राहतात, हे लपवण्यात अर्थ नाही. महिन्याभरात पशुवैद्याला यादी दाखवून पूरक पावडर आणि तिचं प्रमाण ठरवून घ्या. वाटी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय नवं घालू नका, नाहीतर तो फुटाणे आणि बिया खाईल, ज्वारी सोडेल. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. दहावा हिस्सा वजन उतरलं तर थांबायचं नाही, दाखवायचं.

सुकं गवतही शिंका आणतं. सशाला ते हवंच, हॅमस्टरचं त्यावाचून भागतं. घरट्यासाठी बिनवासाचे पांढरे टिश्यू फाडून द्या.

प्रश्न : घरात ॲलर्जी असल्याने शेंगदाणे, तीळ बंद केले. आता आमच्या छोट्या जातीच्या हॅमस्टरला रोज केळं, मनुका आणि चिमूटभर गूळ देतो. तो आवडीने खातो. चालेल ना?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही, आजपासून बंद करा. छोट्या जातींना, विशेषतः कॅम्पबेल जातीला, मधुमेह सहज होतो. ३०-४० ग्रॅमच्या जिवाला एक मनुकासुद्धा मोठा डोस आहे. गूळ तर गालाच्या पिशवीत चिकटून बसतो, तिथे जखम होऊन पू धरतो. त्याला दिवसाला ५ ते ६ ग्रॅम कोरडं खाद्य आणि काकडीचा छोटा तुकडा पुरे. तो एकदम जास्त पाणी पिऊ लागला, बेडिंग लवकर भिजू लागलं, तर पशुवैद्याकडून लघवीतली साखर तपासून घ्या.

प्रश्न : हॅमस्टर हातात घेतला की मनगटावर गांधी उठतात. खाद्याची ॲलर्जी की हॅमस्टरची, कसं ओळखायचं?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : घरी अंदाज एवढाच घेता येतो : खाद्याला आणि बेडिंगला हात न लावता, हात धुऊन, हॅमस्टर स्वच्छ रुमालावर घ्या. तरीही जिथे त्याचे पाय लागले किंवा त्याने चाटलं तिथे गांधी उठल्या, तर संशय हॅमस्टरवर. ॲलर्जी आणणारी प्रथिनं त्याच्या लाळेत, लघवीत आणि केसांवर असतात, खाद्य बदलून ती जात नाहीत. खात्री त्वचेच्या किंवा रक्ताच्या तपासणीनेच होते. तपासणीला जाताना खाद्याच्या पाकिटावरच्या यादीचा फोटो सोबत न्या, म्हणजे कशाकशाची तपासणी करायची ते डॉक्टरांना ठरवता येईल. शेंगदाणा किंवा तीळ घरी हातावर चोळून बघायचा प्रयोग मात्र करू नका. आणि हॅमस्टर चावल्यावर जागेपुरती सूज न राहता अंगभर गांधी, घसा आवळणं किंवा चक्कर असं झालं, तर ताबडतोब दवाखाना गाठा. छोट्या जातींच्या चाव्याने अशी तीव्र ॲलर्जी झाल्याची उदाहरणं आहेत. तपासणी होईपर्यंत पिंजरा झोपायच्या खोलीतून बाहेर काढा आणि साफसफाई दुसऱ्या कुणाकडे द्या.